बोहल्याच्या मूळ प्रतीच्या शोधात

आमच्या गावच्या पाणीपुरवठा योजनेचा इतिहास मी लिहिला, तेव्हा निदान टाकी जागेवर होती. तिच्याभोवती फेरी मारता आली, तिला टेकून फोटो काढता आला. ती कोणी बांधली यावर दोन घराण्यांत वाद होता, पण ती बांधलेली आहे याबद्दल दुमत नव्हतं. त्या पुस्तिकेच्या जोरावर आमच्याकडच्या संगणकप्रेमी मंडळाने स्मरणिकेसाठी ‘बोहलं’ या प्रोग्रॅमचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी निवृत्त इतिहास-शिक्षक. संगणकावर मला पत्ते खेळता येतात.

माझ्या पिढीला बोहलं म्हणजे काय हे सांगायला नको. नव्या वाचकांसाठी सांगतो. मुला-मुलीची जन्मवेळ आणि जन्मगाव दिलं की त्यांच्या पत्रिका जुळवून देणारा हा प्रोग्रॅम. एसटी स्टँडजवळच्या दुकानात काचेची केबिन असे, बाहेर चपला काढून आत जायचं, आणि दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छत्तीसपैकी किती गुण जुळले ते करकर करत छापून यायचं. अठरा किंवा वर आले की याद्या करायला बसायचं, खाली आले तर दुसरं स्थळ बघायचं, असा दंडक. आमच्या शेजाऱ्यांचे सत्तावीस आले होते, त्यांचं आजतागायत पटलेलं नाही. माझे आणि बायकोचे अठरा. “अर्धे यंत्राने दिले, उरलेले मी भरतेय,” असं ती पाहुण्यांना सांगते. माझी धाकटी बहीण मालू, तिचेही काठावर अठराच.

आणि इथेच घोळ झाला. मालूची मुलगी रुचा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने तिथल्याच प्रवीणशी लग्न ठरवलं. मुलगा निपाणीकडचा, घरात मराठी, दारात कन्नड, नाव ठेवायला जागा नाही. मालूने फोनवरच्या नव्या बोहल्यात दोघांची पत्रिका घातली. अकरा आले. मालूचं जेवण गेलं, रुचाचं आईशी बोलणं गेलं, आणि मी बेंगळुरूला निघालोय हे कळल्यावर मालू माझ्याकडे आली.

“दादा, तू त्या बोहल्याचाच इतिहास लिहायला चाललायस ना? मग मूळ बोहलं शोध आणि त्यात घालून आण. फोनवाल्यावर माझा विश्वास नाही. मूळ यंत्र हो म्हणालं तर मी उद्या हॉल बघते. नाही म्हणालं तर विषय संपला.”

म्हणजे मंडळाला इतिहास हवा होता आणि मालूला निकाल. दोन्हींसाठी लागणारी वस्तू एकच होती, आणि ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रोग्रॅम बेंगळुरूत लिहिला गेला, एवढीच जगाला माहिती.

बेळ्ळंदूर

रुचा ज्या इमारतीत राहते तिथून तळं दिसतं. तळं दिसावं म्हणून खिडकी मोठी केली आहे आणि तळ्याचा वास येतो म्हणून ती कायम बंद असते. खाली रिंग रोडवर गाड्या उभ्या असतात. त्या चालू असतात असं रुचाचं म्हणणं, पण मी सकाळचा चहा घेताना पाहिलेली पिवळी बस आंघोळ करून आलो तरी तिथेच होती.

चहा म्हणजे कॉफी. इथे दोघांनी मिळून एक कॉफी मागवायची पद्धत आहे, तिला ‘बाय-टू’ म्हणतात. आमच्याकडे पाहुण्याला कटिंग विचारली तर तो कायमचा दुखावेल. इथे बाय-टू मागणारे दोघे चांगले मित्र समजले जातात. प्रवीण भेटायला आला तेव्हा त्याने माझ्यासाठी न विचारता अख्खी कॉफी मागवली आणि रुचाबरोबर बाय-टू घेतली. मालूने हे पाहिलं असतं तर पत्रिकेची गरज पडली नसती, असं मला वाटलं.

फोनवरचं नवं बोहलं विकणारी कंपनी जवळच आहे. तिथे माझी भेट केदार या पुण्याच्या तरुणाशी झाली. ‘प्रॉडक्टचा वारसा’ असं त्याच्या खात्याचं काम. त्याने मला पडद्यावर इतिहास दाखवला. पहिल्या चित्रात सूर्योदय होता, दुसऱ्यात एक नवरी, तिसऱ्यात कंपनीचे सध्याचे साहेब. मधल्या काळाचं काय, असं मी विचारलं.

“काका, मधला काळ म्हणजे लेगसी. आम्ही नाव विकत घेतलं ना, तेव्हा कोडही आलं होतं. पण ते इतकं जुनं होतं की कोणाला कळायचंच नाही. मग आम्ही सगळं फ्रॉम स्क्रॅच लिहिलं.”

“आणि जुनं?”

“डिलीट. म्हणजे, ठेवून काय करणार?”

मी टाकीची आठवण काढली. नवी टाकी बांधली तेव्हाही आमच्या नगरपालिकेने जुनी पाडली नव्हती, पण त्याचं कारण पाडण्याचं टेंडर मंजूर झालं नाही हे होतं. इथे अशी काही सोय दिसली नाही. पुसायला एकच बटण लागतं आणि ते प्रत्येकाच्या टेबलावर असतं.

“जुन्या कोडमधलं काहीच आठवत नाही?” मी काकुळतीला येऊन विचारलं.

केदार हसला. “एक गोष्ट सगळ्यांना आठवते. त्यात एका ओळीवर टीप होती, ‘ही ओळ काढण्याआधी अक्काला विचारणे.’ ही अक्का कोण, कोणालाच माहीत नाही. आम्ही एचआरला विचारलं, जुन्या लोकांना विचारलं. शेवटपर्यंत कोणी त्या ओळीला हात लावला नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावा? आमच्यात असंच असतं काका.”

“त्या ओळीत काय होतं?”

“ते नाही आठवत. टीप आठवते.”

राजाचं नाव पुसलेलं आणि शाप तेवढा शाबूत, असे शिलालेख मी पाहिलेत, पण त्यांना निदान काही शतकं लागली होती. बेंगळुरूत अक्का शोधणं म्हणजे सदाशिव पेठेत काका शोधणं. फुलवाली अक्का, डोसेवाली अक्का, रुचाकडे स्वयंपाकाला येणारी अक्का. मी तिलाही विचारून पाहिलं. तिने मला आणखी एक डोसा वाढला.

आनेकल

केदारनेच एक धागा दिला. आनेकलला एका झेरॉक्सच्या दुकानात जुन्या बोहल्याचा संगणक अजून आहे म्हणे. दुसऱ्या दिवशी रुचाने सुट्टी टाकली आणि आम्ही बसने निघालो. शहर संपता संपत नाही. मग एकदम नाचणीची शेतं लागतात, मध्ये कारखान्याची भिंत, पुन्हा शेत. कंडक्टरशी मी हिंदीत बोललो, तो कन्नडमध्ये, आणि रुचाने दोन्हीकडे “स्वल्प, स्वल्प” म्हणत भांडण टाळलं. स्वल्प म्हणजे जरासं. गर्दीत सरकायला, भाजी घ्यायला, रिक्षावाल्याला समजवायला तिचं या एका शब्दावर भागतं. आम्ही ‘जरा’ म्हणतो तेव्हा त्यात थोडी धमकी असते, स्वल्पमध्ये ती नाही.

दुकानाचे मालक इराप्पा अथणीकडचे निघाले. माझं मराठी ऐकताच ते गल्ल्यावरून उठले.

“बसा की सर! कुठनं आलासा? सातारचं? अवो, आमची आत्या दिलीया तिकडं. आधी खारा बात खावा, मग काम.”

खारा बात म्हणजे आपला सांजा, पण तुपात पोहलेला. त्याच्या शेजारी गोड शिऱ्याची मूद येते, आणि दोन्हीची सरहद्द बशीत मिसळते. याला कोणी हरकत घेत नाही. खाताना इराप्पांनी आपली कथा सांगितली. कारखान्यात कामाला आले, मग दुकान टाकलं, आणि बोहलं विकणाऱ्या एका माणसाकडून हा संगणक घेतला. स्वतःचं लग्नही याच यंत्रावर जुळवलं.

“किती गुण?” मी सहज विचारलं.

“अठरा. काठावर पास झालो बघा.”

“आमचेही अठराच!” मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनी उत्साहाने हात मिळवले. इतिहासाचा शिक्षक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला त्या क्षणी शंका यायला हवी होती. मला फक्त आनंद झाला.

संगणक दुकानाच्या मागच्या कोनाड्यात होता. सन्मानाने ठेवला होता यात वाद नाही. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे, मध्ये कुंकू, डोक्यावर वाळलेला हार. इकडे आयुधपूजेला यंत्राची पूजा करतात. आपण दसऱ्याला गाडीला झेंडू बांधतो, हे लोक संगणकाला गंध लावतात. इराप्पांनी एक वर्षही चुकवलं नव्हतं. फ्लॉपी घालायच्या फटीत दर वर्षी नेमाने हळदकुंकू वाहिलं होतं. मूळ फ्लॉपीलाही वाहिलं होतं, आणि ती जपायला कापराबरोबर डबीत ठेवली होती. रुचाने डबी उघडली. फ्लॉपीची चकती गुलाबी आणि चिकट झाली होती.

“चालू होतो का?” मी विचारलं.

“पूजा चुकली न्हाई सर,” इराप्पा म्हणाले. “पर एका दसऱ्यानंतर बंद झाला. का, कळंना.”

रुचाने डबी माझ्या हातात दिली. मी डबी बंद केली. कसर, वाळवी, पूर, आग, हे सगळं आम्ही इतिहासवाल्यांनी पाहिलंय. अतिभक्तीने गेलेलं साधन मी पहिल्यांदाच पाहत होतो. दुकानाबाहेर आल्यावर रुचा पायरीवर बसली.

“मामा, आईला सांग ना की मिळालं नाही. निदान ‘नाही’ असं उत्तर तरी येणार नाही.”

“ती त्यालाच ‘नाही’ समजेल,” मी म्हणालो, कारण मी मालूला लहानपणापासून ओळखतो. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. इतिहास अपुरा राहिला तर एक तळटीप पुरते. तिला तळटिपेवर संसार करता येणार नव्हता.

तेवढ्यात इराप्पा मागून आले. “सर, यंत्र न्हाई तर माणूस बघा की. ह्यो प्रोग्रॅम लिवलेले राव सर जे. पी. नगरला ऱ्हात्यात. पूर्वी दुरुस्तीला स्वतः यायचे.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. ही गोष्ट खारा बातच्या आधी का सांगितली नाही, असं विचारलं, तर ते म्हणाले, “तुमी यंत्र विचारलंसा.”

जे. पी. नगर

व्यंकटराव पंचाहत्तरीतले, शर्टाच्या खिशाला पेन, पायात घरातही चप्पल. घराणं कैक पिढ्या बेंगळुरूत, मराठी घरातलं, त्याच्यावर कन्नडची फोडणी. आयुष्यभर एका सरकारी कंपनीत इंजिनियर होते. दार त्यांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. पांढराशुभ्र अंबाडा, त्यात मोगरा.

“या या, बन्नी. ऊट, जेवण झालं का? नाही? सरी, मग आधी जेवा.”

बिसीबेळे भात, काकडीची पचडी आणि चिरोटी. पाहुणा कशासाठी आलाय हे तो जेवेपर्यंत विचारायचं नाही, हा इथला नेम मला आवडला. आमच्याकडे काम समजल्यावर जेवायचं विचारावं की नाही ते ठरतं.

जेवणानंतर मी कागद-पेन काढलं. प्रोग्रॅम कधी पूर्ण झाला, हा माझा पहिला प्रश्न.

“पूर्ण?” व्यंकटराव म्हणाले. “पूर्ण कधी झालाच नाही. शनिवारी ऑफिसचा संगणक मोकळा असायचा. महाराष्ट्रातून आलेले मित्र म्हणाले, गावाकडे पत्रिकांचा फार त्रास आहे, काहीतरी कर. मी केलं. मग पुढच्या शनिवारी त्याच्यावरच नवं लिहायचं. जुनं ठेवायला जागा कुठे होती? तुम्ही मूळ प्रत म्हणता, तसं काही नव्हतंच हो सर.”

“पण कुणी तरी पहिल्यांदा वापरला असेल.”

“हो. आणि त्याने फोन करून सांगितलं की चुकतोय. तोच पहिला प्रोग्रॅम की दुरुस्त केलेला पहिला?”

मी पेन खाली ठेवलं. आमच्या टाकीलाही तीनदा गिलावा केला होता, पण आत टाकी तीच होती. मग मी शेवटचा प्रश्न म्हणून केदारची टीप सांगितली. ‘ही ओळ काढण्याआधी अक्काला विचारणे.’

व्यंकटरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्यांची बहीण पदराला हात पुसत तिथेच उभी होती.

“अक्का,” ते म्हणाले, “सांगू का?”

इतक्या दिवसांत भेटलेल्या अक्कांमध्ये ही एकच विचारायची राहिली होती.

“सांग की रे,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. “आता कोण भांडायला येणार आहे?”

व्यंकटरावांनी सांगितलं ते असं. आठ बाबी तपासायच्या, गुणांची बेरीज करायची, हे सगळं शास्त्राप्रमाणे होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बेरीज अठराच्या वर असेल तर तीच छापायची. आणि अठराच्या खाली असेल, मग ती कितीही असो, अठरा छापायचे. ती एक ओळ.

मला आधी इराप्पांचे अठरा आठवले. मग मालूचे. मग माझे.

“पण का?” रुचाने विचारलं.

उत्तर अक्कांनी दिलं. “माझी पत्रिका कुठेच जुळायची नाही बघ. माणसं यायची, चिरोटी खायची, चांगली म्हणायची. मग त्यांचे जोशी नाही म्हणायचे. एक मुलगा तर मलाही आवडला होता. तोही गेला. नंतर हा एके दिवशी सांगायला लागला, मी यंत्र करतोय, ते पत्रिका जुळवणार. मी म्हटलं, नाही म्हणायला माणसं आहेतच की. तुझ्या यंत्राला तरी ते शिकवू नकोस.”

“मी म्हटलं, हे खोटं होईल,” व्यंकटराव म्हणाले. “ही म्हणाली, काठावर ठेव, म्हणजे लोक देवाची कृपा मानून नीट वागतील.”

“आणि कोणी पकडलं नाही?”

“एकदा पकडलं. नव्या आवृत्तीत आठही बाबींचे गुण वेगळे छापायला लागलो. लोकांनी बेरीज केली. तक्रारी आल्या. मग पुढच्या आवृत्तीत तो तक्ता काढून टाकला.” ते जरा लाजले. “जाहिरातीत त्याला सुटसुटीत मांडणी म्हटलं.”

सॉफ्टवेअरचा इतिहास का लिहिता येत नाही, हे मला त्या दुपारी समजलं. कोड हाती लागलं असतं, तर त्यात अठरा हा आकडा सापडला असता. मुलाने मान खाली घालून जिना उतरणं आणि अक्कांनी उरलेली चिरोटी डब्यात भरणं, हे त्यात कुठे असणार? माझ्या लग्नाचे खरे गुण किती होते हा प्रश्न मनात आला, नाही असं नाही. पण अक्कांकडे बघून तो विचारायची लाज वाटली. मला घरी फोन करून बायकोशी काहीतरी उगाच बोलावंसं वाटलं.

रुचाने पर्समधून दोन पत्रिका काढल्या आणि व्यंकटरावांपुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा बदलला, पेन काढलं, आणि शांतपणे सगळं मांडलं. नक्षत्र, चरण, नाडी. आमच्या जोशीबुवांपेक्षा सुंदर अक्षर.

“अकरा,” ते म्हणाले.

रुचाची मान खाली गेली. मी त्यांना विचारलं, “आणि तुमच्या मूळ प्रोग्रॅममध्ये घातल्या असत्या तर?”

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. अक्कांनी होकारार्थी मान हलवली.

“अठरा,” व्यंकटराव म्हणाले.

मी तिथूनच मालूला फोन लावला. “मूळ बोहलं ज्याने लिहिलं त्याच्या घरी बसलोय.”

“त्यात घातलंस?”

“त्यांनीच बघितलं. मूळ प्रोग्रॅमप्रमाणे अठरा.” माझ्या आयुष्यात इतकं काटेकोर ऐतिहासिक विधान मी दुसरं केलेलं नाही.

पलीकडे मालू रडत हसायला लागली. “बघ! मी म्हणत होते ना? आमच्याइतकेच! मूळ ते मूळ, दादा. फोन दे रुचाला.”

परतल्यावर

स्मरणिकेतला माझा लेख दीड पानाचा झाला. ‘मूळ प्रत आज उपलब्ध नाही’ हे त्यातलं शेवटचं वाक्य. मंडळाला तो फारसा आवडला नाही, टाकीवरचा जास्त चांगला होता म्हणाले. उरलेलं मी इथे लिहितोय, कारण प्रवासवर्णनाकडे कोणी पुरावा मागत नाही, आणि मालू माझं छापलेलं काही वाचत नाही. नावं सगळी बदलली आहेत. ज्यांच्या कागदावर अठरा छापून आले होते त्यांनी उगाच कपाटं उघडू नयेत. काही जणांचे खरोखरच अठरा असतील.

लग्न निपाणीला झालं. अक्का आणि व्यंकटराव रेल्वेने बेळगावपर्यंत आले, तिथून प्रवीणने गाडी पाठवली. अक्षता टाकायला अक्का पहिल्या रांगेत उभ्या होत्या, अंबाड्यात मोगरा, हातात अक्षता घट्ट धरलेल्या. मंगलाष्टकं संपल्यावर मालू त्यांना हाताला धरून पंगतीकडे न्यायला लागली. मूळ यंत्रवाल्यांच्या भगिनी म्हणून त्यांचा मान सगळ्यात मोठा होता. मी मागेच होतो.

“तुम्हाला म्हणून सांगते अक्का,” मालू म्हणाली, “आमचेही अठराच जुळले होते. पण बघा, कसं छान झालं सगळं.”

अक्कांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“हो,” त्या म्हणाल्या. “मी विचार करूनच ठरवला होता तो आकडा.”

मालूला वाटलं, म्हाताऱ्या बाईंच्या ऐकण्यात काही गडबड झाली. तिने त्यांना आग्रहाने आणखी एक जिलबी वाढली.